एका डबड्याचा उद्धार

बारकीला रंगीत दिव्यांचा राग होता. कीबोर्डाच्या खालून निळे, जांभळे, हिरवे दिवे एकामागून एक पळायला लागले की तिच्या कपाळावर आठी पडायचीच. त्याखालोखाल राग होता अक्षरांचा. गेम खेळणाऱ्यांसाठी म्हणून जे कीबोर्ड विकतात त्यांच्यावर अशी काही टोकदार, वाकडीतिकडी अक्षरं छापलेली असतात की कुठलं अक्षर आहे ते दोनदा बघितल्याशिवाय कळत नाही. डाव्या कडेला चिकटवलेली जादा बटणांची रांग तिला खपत नसे, कारण न बघता हात ठेवला की तो हमखास एक घर सरकून पडतो. आणि खालच्या रांगेतलं ते एक बटण, ऐन खेळात चुकून दाबलं गेलं की सगळा खेळच पडद्यावरून नाहीसा करणारं, ते ज्याने तिथे ठेवलं त्याला एकदा समोर बसवून जाब विचारायची तिची फार इच्छा होती.

पण या सगळ्या रागांचा राजा होता आवाज. प्रत्येक बटणाच्या खाली एक लहानसा खटका असतो, प्लास्टिकची डबी आणि तिच्यात स्प्रिंग. काही खटके मुद्दाम 'टक' असा आवाज करतात. लोक त्यासाठी जास्त पैसे देतात हे बारकीला माहीत होतं, आणि त्या लोकांविषयीचं तिचं मत ती बोलून दाखवायला कचरत नसे.

वयाने तिशी ओलांडली तरी घरात ती बारकीच, कारण दादाहून चौदा वर्षांनी लहान. घराबाहेर मात्र तिचा शब्द चालायचा. एका कपडे धुऊन देणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत मागणीप्रमाणे कीबोर्ड बांधून मिळत, आणि ते बांधणारी बारकी. मालक गिऱ्हाईक सांभाळायचा, लांब्या नावाचा सहकारी फोटो-व्हिडिओ काढायचा आणि खोकी बांधायचा. बारकी एकेक खटका उघडून, चार केसांच्या कुंचल्याने आत ग्रीसचा हात फिरवून, पुन्हा मिटवून ठेवायची. सत्त्याऐंशी बटणांचा कीबोर्ड म्हणजे सत्त्याऐंशी वेळा हेच. शेवटी स्पेसबार दाबून, कान जवळ नेऊन ऐकायची. थोडा जरी खुळखुळला तर पुन्हा सगळं उघडायची. तिचा कीबोर्ड वाजत नाही, नुसता बोटाखाली सरकतो, असं गिऱ्हाइकं म्हणत, आणि ते ऐकून बारकी जरा फुगायचीही. फुगण्यासारखं कामच होतं तिचं, यात शंका नाही.

आता अशा बाईच्या घरात, तिच्याच खोलीच्या भिंतीपलीकडे, वहिनी तो कीबोर्ड वापरत होती.

तो मुळात भाचीचा, म्हणजे दादा-वहिनीच्या लेकीचा. भाची शिकायला दुसऱ्या गावी गेली आणि जाताना टेबलावर ठेवून गेली. काळा, जाडजूड, कोपऱ्यात आग ओकणारा ड्रॅगन, खाली सगळे रंग, डावीकडे ती जादा रांग. जेवढं म्हणून बारकीच्या डोक्यात जायचं तेवढं सगळं एकाच वस्तूत भरलेलं. आणि आवाज असा की वहिनी कामाला बसली की स्वयंपाकघरातही कळायचं.

वहिनीचं काम मोठं नाजूक होतं. सभा, सुनावण्या, व्याख्यानं कानाला लावून ऐकायची आणि बोललेलं तिथल्या तिथे टाइप करायचं. तिकडे सभागृहात पडद्यावर त्या ओळी उमटतात आणि ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं त्या वाचतात. दोन वर्षांपूर्वीच्या मोठ्या आजारपणात वहिनीची आधीची नोकरी गेली होती. आठ महिने औषधं चालली. मग केस परत आले, वजन परत आलं, आणि घरच्यांनी आजारपण संपलं असं ठरवून टाकलं. हे नवं काम तिने स्वतः शोधलं. तीन महिने परीक्षेवर, आणि शेवटी एका मोठ्या जाहीर सुनावणीत काम बघून कायम करायचं की नाही ते ठरणार. वहिनीने या नोकरीवर किती जीव लावला होता ते सांगायला नको. सुनावणीची तारीख तिने फ्रिजवर लावून ठेवली होती, रोज येता-जाता बघायची.

"वहिनी, दगड फोडतेस का गं आत?" बारकी भिंतीपलीकडून ओरडायची.

"फोडते की! आणखी दोन ट्रक यायचेत," वहिनी तिकडून.

"अगं, निदान ते दिवे तरी बंद कर. जत्रेत बसल्यासारखी दिसतेस."

"मला आवडतात. तू तुझं बघ."

बारकी तिच्या बसण्याचीही टर उडवायची. वहिनी हेडफोन एकाच कानावर चढवी, दुसरा कान उघडा. "एवढा आवाज करायचा आणि वर तो ऐकायला कान उघडा ठेवायचा," बारकी म्हणायची, "हौसेला मोल नाही बाई." वहिनी हसायची. नणंदेच्या बोलण्याला हसून वाटेला लावायची तिला वीस वर्षांची सवय होती.

सुनावणीच्या आठवडाभर आधी वहिनी तीन दिवस बहिणीकडे गेली. बारकीने ती संधी साधली.

तिचा हेतू वाईट होता असं कुणीच म्हणणार नाही. वहिनीला कायमची नोकरी लागणार, तर त्याआधी तिच्या हाताखाली चांगली वस्तू असावी. गंमत म्हणून, न सांगता, भेट म्हणून. तिने तो ड्रॅगन पिशवीत घालून दुकानात नेला. लांब्याने कॅमेरा लावला, कारण असल्या उद्धाराचे व्हिडिओ दुकानाच्या पानावर चांगले चालत. कुणाचा आहे असं त्याने विचारलं तेव्हा बारकी म्हणाली, "आहेत एक ओळखीच्या बाई." मुद्दामच सांगितलं नाही. सुनावणी दुकानातल्या मोठ्या पडद्यावर लावायची आणि ओळी पळायला लागल्या की सांगायचं, ही माझी वहिनी आणि हा आपण बांधलेला कीबोर्ड. तोवर दम धरायचा.

मग तिने ड्रॅगन खरवडून काढला. डावीकडच्या जादा रांगेवर पट्टी बसवून ती झाकली. सगळे वाजणारे खटके चिमट्याने उपटून एका वाडग्यात टाकले आणि त्या जागी आपल्या हातचे, ग्रीस भरलेले, अगदी हलके खटके बसवले, बोट नुसतं टेकलं की खाली जाणारे. आतल्या पोकळीत फोम भरला. रंगीत दिवे मारून टाकले. आणि वर साय रंगाची, एकही अक्षर नसलेली बटणं चढवली. कोरी बटणं म्हणजे तिच्या जगात सभ्यपणाची कमाल. ज्याला टाइप करता येतं त्याला अक्षरं कशाला हवीत?

"या बाईंच्या नावाने मी पुरस्कार देणार होते," व्हिडिओत ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "सहनशक्तीचा. शेजाऱ्यांना." लांब्या हसून हसून वाकला, ते हसणंही व्हिडिओत आलं. व्हिडिओला 'एका डबड्याचा उद्धार' असं नाव दिलं. दोन दिवसांत एवढ्या लोकांनी पाहिला की मालकाने स्वतः चहा केला.

वहिनी परत आली. टेबलावर तो साय रंगाचा कीबोर्ड बघून एक क्षण नुसती उभी राहिली. मग तिने त्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती सुंदर केलंस गं." डोळ्यांत पाणी होतं. बारकीने ते आनंदाचं धरलं, आणि सुनावणी आम्ही सगळे दुकानात मोठ्या पडद्यावर बघणार, असंही तिला सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून आवाज आला नाही. बारकी कॉटवर पडून ती शांतता ऐकत होती आणि स्वतःवर खूश होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी वहिनी तिच्या दारात आली. हातात कपडे वाळत घालायचे चिमटे, कामाच्या मधूनच आल्यासारखी.

"बारके, एक विचारू? रागावणार नाहीस ना?"

"विचार की."

"तो कीबोर्ड… पहिल्यासारखा करता येतो का गं? म्हणजे नुसतं विचारते. फार काम असेल तर राहू दे."

फार काम नव्हतं. पंधरा मिनिटं. खटके उपटायचे, जुने बसवायचे. वाडगं दुकानात तिच्या टेबलाखालीच होतं. हे बारकीला माहीत होतं, आणि पुढे अनेक दिवस तिला नेमकं हेच आठवत राहिलं.

पण तेव्हा तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सत्त्याऐंशी खटके. दोन संध्याकाळी. हजारो लोकांनी वाहवा केलेली. आणि हिला ते डबडं परत हवं!

"वहिनी, दोन दिवसांत सवय होते," ती म्हणाली. "एवढी वर्षं हातोडा मारायची सवय, ती मोडायला वेळ लागणारच. चांगली वस्तू हाताला ओळखीची व्हावी लागते."

"हो का," वहिनी म्हणाली. "तसं असेल. हात टेकला तरी अक्षर उमटतं, म्हणून म्हटलं."

"मग टेकवू नकोस," बारकी म्हणाली, आणि हसली.

वहिनीही हसली. चिमटे घेऊन गच्चीवर गेली. त्या दिवसापासून ती पहाटे उठून सराव करायला लागली, पण कीबोर्डाचा आवाजच नसल्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

बुधवारी अकरा वाजता सुनावणी. दुकानात बारकीने मोठा पडदा लावला. "बसा सगळे, एक गंमत दाखवते," ती म्हणाली. मालक हातातलं काम सोडून आला. लांब्याने खुर्ची उलटी करून तिच्या पाठीवर हनुवटी टेकवली.

एका नव्या पुलाविषयीची सुनावणी होती. मोठं सभागृह, पुढच्या तीन रांगांत ऐकू न येणारी माणसं, त्यांच्यासमोर मोठा पडदा. अध्यक्ष बोलायला लागले आणि खाली पहिली ओळ आली. चांगली आली. दुसरीही. बारकीचं तोंड उघडलं होतं, आता सांगायचंच, एवढ्यात तिसऱ्या ओळीत दोन शब्द अर्धे आले. चौथीत एकच अक्षर सहा वेळा उमटलं. अध्यक्ष पुलाच्या खांबांविषयी बोलत होते आणि खाली जे येत होतं त्यात ना खांब होता ना पूल. मध्येच ती ओळ थांबली. मग एकदम सुरू झाली, घाईघाईने, मागचं भरून काढायला, आणि आणखी विस्कटली.

"हे काय चाललंय?" मालक म्हणाला.

लांब्या खदखदून हसायला लागला. "अरे, टाइप करणारी बाई झोपलीय कीबोर्डावर! बघ बघ, आता गालाने टाइप करतेय!"

मालकही हसला. मग लांब्या बारकीकडे वळला, डोळे पुसत. "गंमत दाखवते म्हणालीस ती हीच का? तुला कसं कळलं आधी?"

उत्तर द्यायला बारकीला फार वेळ लागला नाही. लागला असता तर बरं झालं असतं.

"हो," ती म्हणाली. "हीच."

आणि ती हसली. त्या दोघांबरोबर, त्यांच्याइतक्याच मोठ्याने. आपलं हसणं तिला कानांनी ऐकू येत होतं आणि थांबवता येत नव्हतं.

पडद्यावर पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठून उभा राहिला. त्याने दोन्ही हात वर केले, मग खालच्या ओळींकडे बोट दाखवलं आणि पुन्हा हात पसरले. शेजारच्या बाईने त्याला खाली बसवायचा प्रयत्न केला, पण तो बसेना. त्याला काहीतरी विचारायचं होतं त्या पुलाविषयी, घर असेल त्याचं तिथे, आणि काय बोललं जातंय हेच त्याला कळत नव्हतं. अध्यक्षांनी बोलणं थांबवलं. दहा मिनिटं सुनावणी थांबली. मग पुन्हा ओळी सुरू झाल्या त्या नीट, सुबक, दुसऱ्याच कुणाच्या तरी हातच्या.

लांब्या म्हणाला, "बदलली बाई." आणि आपलं खोकं बांधायला गेला.

बारकी मोरीत जाऊन उभी राहिली. नळ सोडला. तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. आरशात बघवेना. वहिनीला जमलं नाही याचं तिला वाईट वाटत होतं, पण ते वाईट वाटणं खाली कुठेतरी होतं. वर होतं ते हे की ती 'हो' म्हणाली होती. एक शब्द. कुणी मान पिरगाळून म्हणवून घेतला नव्हता.

तिने टेबलाखालचं वाडगं एका डब्यात ओतलं, जुनी बटणंही त्यात टाकली, पोट दुखतंय असं सांगितलं आणि घरी निघाली. बसमध्ये मांडीवर तो डबा प्रत्येक खड्ड्याला खुळखुळत होता.

दादा कामावर होता. वहिनी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. सगळी आधीच कोरडी होती.

"आलीस? लवकर?" वहिनी म्हणाली. "जेवलीस का?"

"वहिनी, तो कीबोर्ड आण. मी पहिल्यासारखा करते."

"अगं, आता काय घाई आहे," वहिनी म्हणाली, पण गेली आणि लॅपटॉपसकट घेऊन आली.

दोघी टेबलाशी बसल्या. बारकी चिमट्याने खटके उपटत होती, वहिनी डब्यातून जुने खटके काढून एकेक तिच्या हातात देत होती. खटक्याच्या पोटाला दोन बारीक धातूच्या तारा असतात, बोर्डात रुतणाऱ्या. उपटताना काहींच्या वाकल्या होत्या, त्या वहिनी नखाने सरळ करत होती. तिसरी रांग चालू असताना बारकीला साय रंगाच्या एका बटणावर तांबडा ठिपका दिसला. मग दुसऱ्यावर. मग टेबलावर एक ओघळ.

"वहिनी, रक्त!"

"कुठे?" वहिनीने विचारलं, आणि ती दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून शोधायला लागली. एकेक बोट उलटसुलट करून बघत होती. उजव्या हाताच्या तर्जनीत खटक्याची तार जवळजवळ पूर्ण घुसलेली होती आणि खटका बोटाला लोंबत होता. "अगं बाई, हे बघ इथे," ती म्हणाली, दुसऱ्या कुणाच्या बोटाविषयी बोलावं तसं, आणि तो उपटून बाजूला ठेवला.

बारकी बघत राहिली. "तुला… तुला दुखलं नाही?"

वहिनीने बोटाला पदर गुंडाळला. मग म्हणाली, "टोकांना काही कळत नाही गं मला. औषधांनी गेलं ते. बाकी सगळं परत आलं, हे नाही आलं."

"दोन वर्षं?"

"डॉक्टर म्हणाले होते, येईल किंवा नाही. दादाला सांगितलं असतं तर त्याने मला या खुर्चीवरून उठू दिलं नसतं. आठ महिने तेच केलं होतं त्याने, प्रेमानेच केलं. मला काम करायचं होतं. मग ते लेकीचं धूड सापडलं. त्याच्यावर बोट पडलं की कानाला कळायचं, लागलं म्हणून. तेवढ्यासाठी तो कान उघडा. आणि मधल्या रांगेला लाल दिवा लावून घेतला होता मी, म्हणजे डोळ्याच्या कडेने दिसायचं हात कुठे आहेत ते. मोठाली अक्षरं होती, तीही दिसायची." ती जरा हसली. "तुला आवडायचं नाही, पण माझ्या फार उपयोगाचं होतं बघ."

बारकीला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. दोन वर्षांत वहिनीच्या हातून फुटलेला प्रत्येक कप तिला आठवला, आणि प्रत्येक कपामागे आपण मारलेला 'धांदरट' हा शब्दही. वहिनीने समोर बटणं लावायचे झगे घालायचं सोडलं तेव्हा आपण तिला 'आता फॅशन बदलली वाटतं' म्हणालो होतो, तेही आठवलं. हातांच्या कसबावर पोट भरणारी बाई आपण, बोटाखाली केसभर खरखर लागली तर अख्खा कीबोर्ड उघडणारी, आणि एका घरात राहून हे आपल्या लक्षात आलं नाही.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?" ती म्हणाली. आवाज चढला. "मी लगेच बदलून दिला असता! तू नुसतं एकदा म्हणाली असतीस तर!"

"म्हणाले होते की," वहिनी म्हणाली. तिने ते टोचून म्हटलं नाही, पण बारकीला ते टोचलं.

फोन वाजला. वहिनी तो नेहमीच टेबलावर ठेवून, मोठा आवाज लावून बोलायची. हातातून निसटतो म्हणून, हे बारकीला आत्ता कळलं. कामावर देखरेख करणाऱ्या बाई होत्या.

"ताई, आज काय झालं?" बाईंचा आवाज कठोर नव्हता, दमलेला होता. "या तीन महिन्यांत तुमची एक तक्रार नव्हती हो."

"माझाच सराव कमी पडला," वहिनी म्हणाली.

"नाही!" बारकी फोनवर वाकली. "त्यांचा सराव कमी नाही पडला. मी त्यांचा कीबोर्ड बदलला. न विचारता. त्यांनी परत मागितला तरी मी दिला नाही. चूक माझी आहे."

"तुम्ही कोण?"

"मी त्यांची नणंद."

"तो व्हिडिओवाला कीबोर्ड का?" बाई म्हणाल्या. "अहो, पण तो तर ताईंनीच मला पाठवला होता. सोमवारी. लिहिलं होतं, माझ्या नणंदेचे हात बघा, कसे चालतात. मी पण पूर्ण पाहिला."

बारकीने वहिनीकडे बघितलं. वहिनी बोटाचा पदर सोडून पुन्हा गुंडाळत होती.

सोमवार म्हणजे तिने दारात येऊन विचारलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. सहनशक्तीचा पुरस्कार, लांब्याचं हसणं, डबडं, सगळं तिने ऐकलं होतं, आणि ऐकून पाठवलं होतं. कौतुकाने.

"तुम्ही मोकळेपणाने सांगितलंत," बाई म्हणाल्या, "पण माझाही इलाज नाही. त्या सभागृहात साठ माणसं होती ज्यांना पडद्याशिवाय दुसरं काही नव्हतं. नवी वस्तू हाताला बसत नव्हती तर ताईंनी आदल्या दिवशी मला कळवायला हवं होतं. ही जागा आता दुसरीकडे गेली. सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा असते. ताई, तुम्ही अर्ज करा. नक्की करा."

"करीन," वहिनी म्हणाली. "थँक यू, बाई."

फोन बंद झाला. बारकीला रडू येत होतं, पण रडायचा हक्क आपला नाही एवढं तिला कळत होतं. तिने खाली मान घालून उरलेले खटके बसवले. दिवे परत लावले, मधली रांग लाल केली. जुनी बटणं चढवली, ती टोकदार अक्षरांची. पंधरा मिनिटंही लागली नाहीत.

वहिनीने कीबोर्ड पुढे ओढला आणि एक कान पुढे करून काहीतरी टाइप केलं. खोली त्या खडखडाटाने भरून गेली. बारकीला तो आवाज आज सहन होत होता असंही नाही. तो तितकाच वाईट होता. पण ती ऐकत बसली.

"नीट आहे," वहिनी म्हणाली. मग बोटं न थांबवता, पडद्याकडेच बघत तिने विचारलं, "तुम्ही सगळे दुकानात बघणार होतात ना? मोठ्या पडद्यावर?"

"हो."

"बघितलंत?"

"हो."

"मग सांगितलंस का त्यांना? माझी वहिनी आहे म्हणून?"

खोटं बोलायला जागा होती. बारकीच्या तोंडाशी चार उत्तरं आली, चारही बरी.

"नाही," ती म्हणाली. "ते हसत होते. मी पण हसले."

वहिनीची बोटं थांबली. ती बारकीकडे वळली, आणि तिच्या चेहऱ्यावर राग शोधत बारकी बघत राहिली, तो सापडला असता तर तिला धरायला काहीतरी मिळालं असतं. पण तिथे सुटका होती, खरीखुरी, दिवसभर मनावर असलेलं एक ओझं उतरल्यासारखी.

"बरं केलंस बाई," वहिनी म्हणाली. "मला दिवसभर तीच काळजी लागली होती. उगीच माझ्यामुळे तुझी मान खाली."